रहस्यगोधडीची जुळणी

कापड बेतण्यापूर्वी त्याचें काय व्हावयाचें हें ठाऊक असावें, हा शिवणकामांतला पहिला पाठ आपण लहानपणींच घेतलेला असतो. झबलें कीं परकर, हें ठरल्यावांचून कात्रीला हात लावणारी मुलगी घरांत बोलणीं खाते. अमेरिकेंत मात्र हा पाठ बुद्ध्या उलटा करणारी एक गोधडी पुष्कळ स्त्रिया मोठ्या हौसेनें शिवितात. तिकडे तिला ‘मिस्टरी क्विल्ट’ म्हणतात. आपण रहस्यगोधडी म्हणूं.

रीत अशी. योजणारी बाई सगळी आकृति आधींच ठरविते, पण ती कोणास दाखवीत नाहीं. प्रथम केवळ कापडाचा हिशेब कळविते : फिकें इतकें वार, मध्यम इतकें, गडद इतकें. मग ठराविक दिवशीं एकेक सूचना येते. शेवटची सूचना हातीं पडेपर्यंत आपण काय शिवितों आहों याचा पत्ता नसतो. बॉनी हंटर या नामांकित गोधडीकर्त्रीची रहस्यगोधडी अनेक वर्षें थँक्सगिव्हिंग सणाच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे नोव्हेंबरांतील शुक्रवारीं, सुरू होत आली व नव्या वर्षाच्या सुमारास उलगडत आली. दुसऱ्याचा नमुना हौसेनें शिवण्याची त्या देशांतील स्त्रियांची संवय मात्र जुनीच आहे. ‘कॅन्सस सिटी स्टार’ हें वृत्तपत्र १९२८ पासून १९६१ पर्यंत गोधडीचे नमुने छापीत असे.

मुलीकडे एक हिंवाळा काढीत असतांना आम्हीं मायलेकींनीं अशी एक गोधडी हातीं घेतली. पहिल्या सूचनेंत होतें तें एवढेंच : एक फिका व एक मध्यम, असे पावणेचार इंचांहून अष्टमांशानें मोठे दोन चौकोन एकमेकांवर उपडे ठेवावे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ ओढावी, रेघेच्या दोन्ही अंगांस पाव इंचावर शिवण घालावी आणि रेघेवर कापावें. एका जोडींतून दोन दुरंगी चौकोन निघतात. असे १०४ करावे. कशासाठीं, तें विचारूं नये!

येथें शिस्त लागते ती पाव इंचाची. बारा इंचांच्या एका चौकांत आडवे चार तुकडे, म्हणजे मधल्या शिवणी तीन. प्रत्येक शिवण इंचाचा केवळ सोळावा भाग जाड पडली, तरी ती दोन्हीकडचें कापड खाते व चौक पाव इंचाहून अधिक आखूड होतो. मग तो शेजारच्या चौकाशीं जुळेल कसा? रहस्यगोधडींत ही चूक लवकर कळत नाहीं, कारण कोणता तुकडा कोणाशेजारीं बसणार हेंच कळलेलें नसतें.

आमची चूक निराळी होती, आणि ती माझी होती. फिकें म्हणून मीं राखी कापड घेतलें व मध्यम म्हणून निळें. रंग दोन, पण खोली एकच! मुलीनें एकदां शंका काढली. मीं ‘‘निळें तें निळें, राखी तें राखी’’ म्हणून तिला गप्प केली. शिवतांना दोन्ही रंग डोळ्यांपाशीं असतात, त्यामुळें ते वेगळे दिसतात.

अखेरची सूचना आली. तिच्याप्रमाणें पंचवीस चौक जमिनीवर चादर पसरून मांडले : तेरा चांदण्यांचे, बारा साखळ्यांचे, एकाआड एक, पांच ओळी. चौकांचे गडद कोपरे एकमेकांस भिडतांच तांबड्या चौकटींच्या तिरप्या साखळ्या सबंध गोधडीभर धांवत निघाल्या. कोणत्याही एका चौकांत ती नक्षी पूर्ण नव्हती. चौक शेजारीं आल्यावर ती जन्मली. या खेळाची खरी गोडी हीच. परंतु त्या साखळ्यांच्या कोंदणांत ज्या चांदण्या बसावयाच्या, त्या कोठें होत्या? खुर्चीवर उभें राहून पाहिलें तों राखी आणि निळें मिळून धुकें झालें होतें. मुलगी कांहीं बोलली नाहीं. बोलली असती तर बरें झालें असतें.

कापड निवडतांनाच डोळे किलकिले करून, अथवा त्याचें रंगहीन छायाचित्र घेऊन पाहावें, म्हणजे कोणतें गडद व कोणतें फिकें हें रंगाच्या मोहावांचून कळतें. हें मला उशिरा समजलें. आतां सगळीं पातीं उसवावीं कीं तशींच ठेवावीं? रात्रभर मांडणी तशीच पडून राहिली. सकाळीं मुलीनेंच मार्ग काढला. तेरांपैकीं पांच चांदण्या आंतल्या भागांत येतात, आठ कडेला. आंतल्या पांचांचीं चाळीस पातीं गडद निळ्या कापडाचीं नवीं करावीं, कडेच्या आठ धुक्यांतच राहूं द्याव्या. वीस जोड्या कापल्या, चाळीस तुकडे झाले, पांच चौक उसवून पुन्हां शिवले. योजणाऱ्या बाईंना हें मान्य झालें असतें असें मला वाटत नाहीं. पण कापड आमचें होतें.

जुळणींत दोन गोष्टी जपाव्या. एका ओळीच्या शिवणी डावीकडे व पुढच्या ओळीच्या उजवीकडे इस्त्रीनें दाबाव्या, म्हणजे सांधे एकमेकांत बसतात व कोपरे सरकत नाहींत. कांठाची पट्टी मोजतांना माप गोधडीच्या मध्यावरून घ्यावें. कडेचें कापड ताणलेलें असतें, त्या मापानें पट्टी लावली तर कांठ लाटेसारखा फुगतो. चार इंचांचा कांठ लागून आमची गोधडी ६८ इंच चौरस झाली. मग अस्तर, कापसाचा थर व वरचा पदर कच्च्या टांक्यांनीं एकत्र घेऊन मध्यापासून बाहेर दोरा घातला, म्हणजे चोळामोळा झाला तर कडेकडे निघून जातो. आपल्याकडे अनेक ठिकाणीं गोधडी शिवणाऱ्या बाया कडेपासून आंत येतात. त्यांचा हात ताण ओळखतो, आमचा ओळखीत नव्हता. शेवटीं अडीच इंची आठ पट्ट्या जोडून, दुहेरी दुमडून, गोट लावला. कोपरे मुलीनें केले, कारण ते मला साधत नाहींत.

तांबडें कापड रंग सोडतें कीं काय, ही धास्ती होती. गोधडी पहिल्यानें थंड पाण्यांत बुडविली तेव्हां दोघी बादलीपाशीं उभ्या राहिलों. पाणी किंचित् गुलाबी झालें; राखी कापड मात्र राखीच राहिलें.