मदतीची यादी ठेवायलाही पैसा लागतो

2021 च्या जुलैमध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं, तेव्हा ठिकठिकाणच्या मशिदी आणि जमाती मदतीला धावल्या. असं मदतकार्य ज्यांनी केलंय त्यांना एक गोष्ट ठाऊक असते. एका घरात तीन-तीन किट पोचतात आणि गल्लीच्या टोकाची बेवा बाई राहून जाते. नियत सगळ्यांची चांगलीच असते, पण एकत्र यादी कुणाकडेच नसते.

हीच अडचण जगाच्या पातळीवर लाखो लोकांच्या बाबतीत येते. कोणत्या छावणीत किती माणसं आहेत, कुठे धान्य संपत आलंय, कुणाचं मूल हरवलंय, या माहितीच्या व्यवस्थेला मानवतावादी डेटा म्हणतात. संयुक्त राष्ट्रांनी 2014 मध्ये अशी माहिती एका ठिकाणी खुली ठेवायला सुरुवात केली. 2017 मध्ये नेदरलँड्स सरकारच्या मदतीने हेग शहरात त्यासाठी खास केंद्र उभं राहिलं.

हे काम मुख्यतः अनुदानावर चालतं आणि अडचण तिथेच आहे. देणगीदाराला धान्याच्या पोत्याचा फोटो दिसतो, यादीचा फोटो काय दिसणार? शिवाय अनुदान ठरावीक मुदतीचं असतं. मुदत संपली की माणसं जातात आणि माहिती जुनी होते.

याचं ताजं उदाहरण पाहू. 1980 च्या दशकात इथिओपियात भीषण दुष्काळ पडला. त्यानंतर 1985 मध्ये अमेरिकेच्या पैशातून दुष्काळाची आगाऊ सूचना देणारी ‘फ्यूज नेट’ ही यंत्रणा सुरू झाली. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली आणि ही यंत्रणा एकाएकी बंद पडली. पुढे ती काही प्रमाणात सुरू झाली. पण सुदान, येमेनसारख्या देशांत भूक वाढत असताना सूचना देणाराच गप्प झाला होता.

पैसा मिळाला म्हणजे झालं, असंही नाही. जमा केलेली माहिती सांभाळावी लागते. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीवर सायबर हल्ला झाल्याचं जानेवारी 2022 मध्ये उघडकीस आलं. त्यात 5 लाख 15 हजारांहून अधिक लोकांची माहिती उघडी पडली. त्यात युद्धामुळे घरच्यांपासून ताटातूट झालेले आणि बेपत्ता लोकही होते.

रोहिंग्यांचं प्रकरण तर आणखी गंभीर आहे. बांगलादेशातल्या छावण्यांत मदतीसाठी घेतलेली त्यांची माहिती म्यानमार सरकारपर्यंत पोचली, असं ह्यूमन राइट्स वॉचने 2021 मध्ये उघड केलं. ज्यांच्या जुलमाला कंटाळून पळाले, त्यांच्याच हाती नावं गेली! निर्वासितांच्या संस्थेने संमती घेतल्याचं सांगितलं. पण रेशनच्या रांगेत उभा असलेला भुकेला माणूस ‘नाही’ कसं म्हणणार?

आपल्याकडे हिशेब ठेवण्याची परंपरा जुनी आहे. कुरआनने जकातीचे जे आठ हकदार सांगितले, त्यांत जकात गोळा करणारे आणि तिची व्यवस्था पाहणारेही आहेत. म्हणजे व्यवस्थेचा खर्च हा फालतू खर्च नव्हे. कोणता पैसा कुठे वापरता येईल, ते मात्र उलमांना विचारून ठरवावं.

तेव्हा पुढच्या वेळी देणगी देताना संस्थेला तीन प्रश्न जरूर विचारू या: यादी कशी बनवता? ती कुणाच्या हातात असते? काम संपल्यावर तिचं काय करता? आणि आपल्या जमातीत गरजूंची यादी असेल, तर तिचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. मदत घेणाऱ्याची इज्जतही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे.