तळोदा तालुक्यातील एडीएचडी निदान व उपचारसेवा

अवधानन्यूनता-अतिचंचलता विकार, अर्थात एडीएचडी, हा बालपणात सुरू होणारा मज्जाविकासात्मक विकार आहे. लक्ष टिकवता न येणे, अतिचंचलता आणि आवेगशीलता ही त्याची मुख्य लक्षणे होत. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या तळोदा तालुक्यासारख्या ग्रामीण, आदिवासीबहुल भागात योग्य तज्ज्ञापर्यंत पोहोचण्याचा मार्ग प्रामुख्याने शाळा आणि सार्वजनिक आरोग्य यंत्रणेतून जातो.

निदान

'डीएसएम-५' (२०१३) या निदानपुस्तिकेनुसार लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वी सुरू झालेली, किमान ६ महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा दोन किंवा अधिक ठिकाणी आढळणारी असावी लागतात. रक्ततपासणीने किंवा मेंदूच्या चित्रणाने हे निदान होत नाही. त्यामुळे मुलाला रोज पाहणाऱ्या व्यक्तींचे निरीक्षण महत्त्वाचे ठरते.

तळोदा येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांतर्गत निवासी आश्रमशाळा चालतात. तेथील मुले पालकांच्या सहवासात मुख्यतः सुट्ट्यांतच असतात. म्हणून शिक्षक व वसतिगृह अधीक्षक यांनी दिलेली माहिती पालकांच्या माहितीइतकीच आवश्यक असते. घरी भिली किंवा पावरी बोलणारे मूल मराठी न समजल्यामुळेही वर्गात दुर्लक्ष करताना दिसू शकते. श्रवणदोष, दृष्टिदोष, अपुरी झोप व अध्ययन अक्षमता यांचीही आधी तपासणी केली जाते. याउलट, शांत बसणाऱ्या पण लक्ष न टिकणाऱ्या मुलांचे, विशेषतः मुलींचे, निदान अनेकदा राहून जाते.

सेवेपर्यंतचा मार्ग

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात ० ते १८ वयोगटातील मुलांची अंगणवाडी व शाळेत तपासणी होते. तपासणीच्या यादीत एडीएचडीचा समावेश आहे. संशयित मुलांना पुढील मूल्यमापनासाठी जिल्हास्तरीय शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची तरतूद आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून मनोविकार सेवा दिली जाते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही प्राथमिक समुपदेशन व मार्गदर्शन मिळते.

तज्ज्ञाची पात्रता

औषध लिहून देण्याचा अधिकार डॉक्टरांना असतो. मानसशास्त्रज्ञ वर्तनोपचार व मूल्यमापन करतात. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ नुसार चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची परिषदेकडे नोंदणी आवश्यक आहे. केवळ 'समुपदेशक' ही पाटी अशा पात्रतेचा पुरावा ठरत नाही.

उपचार

सहा वर्षांखालील मुलांसाठी पालक-प्रशिक्षण हा पहिला उपचार मानला जातो. मोठ्या मुलांत वर्तनोपचार, शाळेतील बदल व गरजेनुसार मिथाइलफेनिडेटसारखी औषधे यांचा मेळ घातला जातो. पुढच्या बाकावर बसवणे, सूचना लहान टप्प्यांत देणे आणि चांगल्या वर्तनाची लगेच दखल घेणे हे उपाय गावातील शाळेतही करता येतात. त्यामुळे तज्ज्ञ दूर असला तरी उपचाराचा मोठा भाग स्थानिक पातळीवर चालू राहू शकतो. मात्र ऊसतोडीसारख्या हंगामी कामासाठी कुटुंब स्थलांतरित झाल्यास पाठपुरावा खंडित होण्याची शक्यता असते. अशा वेळी तपासणीची कागदपत्रे सोबत ठेवणे उपयुक्त ठरते.

कायदेशीर स्थिती

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीतील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, परंतु एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. दोन्ही स्थिती अनेकदा एकत्र आढळत असल्याने अध्ययन अक्षमतेचीही तपासणी करून घेणे मुलाच्या शैक्षणिक सवलतींच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.