मोफत सॉफ्टवेअर बिघडले, तर निस्तरणार कोण?

सीटी स्कॅन म्हणजे शरीराच्या शेकडो पातळ कापांची चित्रे. ही चित्रे एकावर एक रचून यकृत किंवा मणका पडद्यावर त्रिमितीत उभा करायचा, फिरवून पाहायचा, गाठीचे आकारमान मोजायचे, ही कामे ‘थ्रीडी स्लायसर’ हे सॉफ्टवेअर करते. ते मोफत आहे आणि त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला आहे. अमेरिकेत बॉस्टनमधील ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटल आणि एमआयटी यांच्या सहकार्यातून 1990च्या दशकाच्या अखेरीस ते सुरू झाले. महागडी व्यावसायिक सॉफ्टवेअर ज्या विभागांना परवडत नाहीत, तिथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी याचा मोठा आधार असतो.

मूळ स्लायसरमध्ये मात्र सगळे नसते. मोबाइलवर आपण जशी ॲप घेतो, तशी यावर ‘एक्स्टेन्शन’ बसवता येतात. रेडिओथेरपीच्या नियोजनाचा अभ्यास करण्यासाठी एक, रक्तवाहिन्यांसाठी दुसरे, अशी शंभराहून अधिक आहेत. त्यांतली पुष्कळशी मूळ चमूने लिहिलेली नसतात. कुठल्या तरी विद्यापीठातला गट किंवा पीएचडी करणारा एखादा विद्यार्थी आपल्या गरजेपुरते काही लिहितो आणि इतरांनाही वापरू देतो. त्याची पीएचडी संपते, तो नोकरीला लागतो. एक्स्टेन्शन मात्र यादीत राहते.

दरम्यान मूळ सॉफ्टवेअर बदलत असते. नव्या आवृत्तीत एखादे एक्स्टेन्शन उघडलेच नाही, तर फार तर एक दुपार वाया जाते. धोका असतो तो न कुरकुरता उघडणाऱ्या आणि चुकीचे उत्तर देणाऱ्या एक्स्टेन्शनचा. एक उदाहरण देतो. शरीरातील बिंदूचे स्थान लिहिताना उजवीकडची दिशा धन मानायची की डावीकडची, याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पुढची-मागची दिशाही त्यांत उलटी असते. काही वर्षांपूर्वी स्लायसरने त्रिमितीय आकारांच्या फाइल जतन करण्याची आपली नेहमीची पद्धत बदलली. कारण योग्य होते; इतर सॉफ्टवेअरशी मेळ बसावा हा हेतू होता आणि कोणती पद्धत वापरली याची नोंदही फाइलमध्ये केली जाते. पण ती नोंद न वाचता जुनेच गृहीत धरणारा प्रोग्राम डाव्या बाजूची गाठ उजवीकडे दाखवू शकतो. डावे-उजवे म्हणजे काय, हे शस्त्रक्रिया करणाऱ्यांना सांगायला नको.

म्हणूनच स्लायसरच्या चमूने एक्स्टेन्शनना आधाराच्या पातळ्या लावल्या, याचे मला महत्त्व वाटते. पातळ्या तीन आहेत, त्यांचे क्रमांक 1, 3 आणि 5. मधले आकडे रिकामे. पहिली पातळी प्रायोगिक. तिथे अटी किमान आहेत: परवाना स्पष्ट हवा, वापरणाऱ्याच्या संमतीशिवाय कोणतीही माहिती बाहेर पाठवता कामा नये. रुग्णांच्या प्रतिमा हाताळणाऱ्या प्रोग्रामसाठी ही अट पहिल्याच पायरीवर असावी, हे मला फार पटले. तिसरी पातळी समाजाच्या आधारावर चालणाऱ्यांची. इथे कामाची माहितीपुस्तिका आणि सरावासाठी नमुना डेटा अपेक्षित असतो. पाचवी पातळी अत्यंत महत्त्वाच्यांची. इथे मूळ चमू सांगतो की आमच्या बदलांमुळे हे बिघडले, तर दुरुस्ती आम्ही करू. नुसते सांगून भागत नाही. मूळ चमूतल्या निदान एकाला त्या एक्स्टेन्शनच्या कोडमध्ये बदल करण्याचा अधिकार द्यावा लागतो आणि महत्त्वाच्या कामांच्या स्वयंचलित चाचण्या असाव्या लागतात.

रुग्णालयात काम करणाऱ्याला हे लगेच समजेल. देणगीत मिळालेले यंत्र आणि वार्षिक देखभाल करार असलेले यंत्र यांत हाच फरक असतो. पहिले कितीही उत्तम कंपनीचे असो, बिघडले की त्यावर चादर पडते.

पण देखभाल करार म्हणजे अचूकतेचे प्रमाणपत्र नव्हे, आणि इथेच गल्लत होते. स्वित्झर्लंडमधील बाझल विद्यापीठ रुग्णालयात तयार झालेले ‘टोटलसेगमेंटेटर’ हे एआय मॉडेल पाहा. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्याने सीटीमधील 104 अवयव, हाडे, स्नायू व रक्तवाहिन्या आपोआप वेगळ्या करून दाखवल्या होत्या. स्लायसरमध्ये ते एक्स्टेन्शनमार्फत चालवता येते. एक्स्टेन्शन हा केवळ दुवा, उत्तर देते ते मॉडेल. दुवा उत्तम सांभाळलेला असला, तरी तुमच्या रुग्णाच्या विकृत झालेल्या यकृताची सीमा मॉडेलने बरोबर आखली की नाही, हे कोणतीही पातळी सांगू शकत नाही. ते रेडिओलॉजिस्टनेच एकेक काप पाहून ठरवायचे.

शिवाय खुद्द स्लायसर प्रत्यक्ष उपचारांसाठी मान्यताप्राप्त नाही. ते संशोधनासाठी आहे, असे त्याचे निर्माते स्पष्ट सांगतात. भारतात 2020 पासून निदान-उपचारांसाठीचे सॉफ्टवेअरही कायद्याने ‘वैद्यकीय उपकरण’ मानले जाते. पाचव्या पातळीचे एक्स्टेन्शन वापरले म्हणून ही जबाबदारी डॉक्टरच्या डोक्यावरून उतरत नाही.

माझ्या मते पातळी इन्स्टॉल करण्याआधीच ठळक दिसायला हवी. आणि ती जशी चढते, तशी उतरायलाही हवी. सांभाळणारा माणूस निघून गेला की क्रमांक खाली आला पाहिजे. चढवायला सगळे उत्सुक असतात, उतरवण्याचे काम कोणालाच नको असते. (आपल्या समित्यांचा अनुभव याहून वेगळा नाही.)

प्रबंधासाठी हे वापरणाऱ्यांनी एवढे तरी करावे. अभ्यासाच्या मध्यावर आवृत्ती बदलू नये. स्लायसर आणि एक्स्टेन्शन या दोन्हींच्या आवृत्त्या प्रबंधात लिहाव्यात. ज्याचे माप आधीच माहीत आहे अशा वस्तूचे स्कॅन करून उत्तर पडताळावे आणि तिच्या एकाच बाजूला खूण करून डावे-उजवेही तपासावे. वापरकर्त्यांच्या तक्रारींना शेवटचे उत्तर कधी दिले गेले, तेही पाहावे. त्याला दोन वर्षे उलटली असतील, तर पातळी कोणतीही लिहिलेली असो, दुसरे एक्स्टेन्शन शोधावे.