आजी, कुरडया आणि पीव्हीसी पाइप

२००९ चा मे महिना. बीईच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी नानाखेड्याच्या घरी आलो होतो. अंगणात आजी कुरडया घालत होती, म्हणून हँडीकॅम काढला. नंतर पाहतो तर कुरडया, पाण्याची टाकी, बाबांची स्कूटर, विजेच्या तारा, सगळं सारखंच स्पष्ट. आजी त्या सामानातलीच एक.

हँडीकॅमचा सेन्सर हरभऱ्याच्या डाळीएवढा. बाबांच्या जुन्या झेनिट कॅमेऱ्यात फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर. चौकट मोठी असली की तेवढंच दृश्य टिपायला लांब फोकसची लेन्स लागते, आणि माणसामागचं सगळं धूसर होतं. सिनेमात दिसतं ते हेच.

मग जुगाड सुरू. पीव्हीसी पाइपच्या तोंडाशी झेनिटची ५८ मिलिमीटरची हेलिओस लेन्स, आत दुधी काच, काचेवर पडलेलं चित्र मागून हँडीकॅमने टिपायचं. फोटोफ्रेमची काच कार्बोरंडमच्या पुडीने तासभर घासली. ती लेन्सच्या बैठकीपासून साडेपंचेचाळीस मिलिमीटरवरच हवी. थोडं अंतर वाढलं की लांबचं फोकस होत नाही. तीन पाइप वाया गेले. बाबा म्हणाले, "अरे, लेन्स तरी शाबूत ठेव!" चित्रात काचेचा रवा दिसायचा, म्हणून जुन्या मोबाइलची थरथरणारी मोटर काचेला चिकटवली. रवा पुसला गेला.

चित्र मात्र उलटं. आजीने हँडीकॅमच्या पडद्यावर स्वतःला पाहिलं. "मला शीर्षासन घालायला लावलंस होय रे?" मग कॉम्प्युटरवर ते फिरवून सरळ केलं.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास अख्खा मूव्ही कॅमेराच घडवला होता आणि १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' आला. त्यांच्यापुढे माझा पाइप म्हणजे खेळणंच. शिवाय मोठ्या सेन्सरवर व्हिडिओ घेणारा कॅननचा ५डी मार्क २ आदल्या वर्षीच आला होता. नानाखेड्यात मला त्याचा पत्ता नव्हता, आणि असता तरी खिशात पैसे कुठे होते! आता फोन सॉफ्टवेअरनेच पार्श्वभूमी धूसर करतो. कधीकधी कानामागचे केसही त्यात जातात, ते सोडा.

त्या पाइपमधून नीट फोकस झालेली चाळीस सेकंदं माझ्याकडे आहेत. कोपरे काळपट, रंग फिके. आजी सोऱ्या दाबता दाबता वर बघते, कपाळावरचा घाम मनगटाने पुसते आणि विचारते, "झालं का रे?" तिच्यामागे फक्त पिवळसर ऊन.

आजी २०१२ मध्ये गेली. तिचे दुसरे व्हिडिओही आहेत. त्यांत स्कूटर छान दिसते.