हजार घरांची उंबरखिंड

लढाईच्या खेळाचा पट आखायला एक सेंटिमीटर अंतराने समांतर रेषा ओढायच्या. आधी आडव्या, मग साठ अंशांतल्या, मग दुसऱ्या बाजूने पुन्हा साठ अंशांतल्या. तिन्ही रेषा एका बिंदूत भेटतात तिथे सहा समभुज त्रिकोण जमतात. त्या सहांची बाहेरची कड शाईने गिरवली की समोरासमोरच्या बाजूंत बरोबर दोन सेंटिमीटर अंतर असलेला षटकोन, म्हणजे पटाचे एक घर, मिळतो. गुण्या, लांब पट्टी आणि टोक काढलेली २एच पेन्सिल एवढ्यावर काम होते. आडव्या रेषेवरच्या खुणा मात्र जपून कराव्या लागतात: दर ११.५५ सेंटिमीटरला एक मोठी खूण आणि तिचे दहा सारखे भाग. कंपासने एकाला जोडून एक षटकोन काढत गेले, तर प्रत्येकी अर्ध्या मिलिमीटरची चूक चाळिसाव्या घराशी दोन सेंटिमीटरची होते, म्हणजे अख्खे घर सरकते.

माझे सासरे पाटबंधारे खात्यात आरेखक होते. घरात सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. मुले, म्हणजे माझी मुलगी आणि पुतण्या, रेषा ओढत असताना ते शेजारी बसतात. "तीन रेषांच्या मधे तिळाएवढा त्रिकोण दिसला तरी थांबायचं. पुढची रेष नाही ओढायची," एवढे एकच सांगणे असते. छप्पन्न बाय शहात्तर सेंटिमीटरच्या इम्पीरियल आकाराच्या कार्ट्रिज कागदावर समास सोडून हजाराच्या आसपास घरे बसतात. ही आखणीच कामाचा निम्मा वेळ खाते, आणि ती घाईने करण्यात काही अर्थ नाही.

लढाई टेबलावर मांडून खेळण्याची रीत जुनी आहे. प्रशियात राइस्विट्झ या लष्करी अधिकाऱ्याने १८२४ मध्ये १:८००० प्रमाणाच्या नकाशांवर अधिकाऱ्यांसाठी युद्धखेळ बसवला. त्यावर घरे नव्हती. सैन्य पट्टीने मोजून सरकवायचे आणि वाद पंचाने मिटवायचा. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांवर 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ मध्ये 'टॅक्टिक्स' हा खेळ काढला तो चौकोनी घरांचा. त्यांच्या अॅव्हलॉन हिल कंपनीचे खेळ षटकोनांवर आले १९६१ मध्ये. कारण साधे आहे. चौकोनावर तिरकी चाललेली सोंगटी सरळ चाललेल्या सोंगटीच्या १.४१ पट अंतर कापते, पण मोजताना दोघींचे एकच घर धरले जाते. षटकोनाच्या सहाही शेजाऱ्यांचे मध्यबिंदू सारख्याच अंतरावर असतात. डोंगरात वाटा सरळ जात नाहीत, त्यामुळे आमच्या पटाला षटकोनाशिवाय गत्यंतर नव्हते.

लढाई आम्ही निवडली उंबरखिंडीची. शाहिस्तेखान पुण्यात ठाण मांडून बसला होता. त्याने कारतलबखानाला कोकणात धाडले, सोबत माहूरची रायबागन होती. फौज लोहगडाच्या बाजूने येऊन कुरवंडे घाटाने खाली उतरू लागली. शिवाजी महाराजांनी खिंडीच्या जंगलात माणसे आधीच पेरून ठेवली होती. २ फेब्रुवारी १६६१ ला फौज पुढून-मागून कोंडली गेली. अखेर कारतलबखानाने शरण येऊन खंडणी भरली आणि उरलेल्या फौजेला वाट मिळाली. परमानंदाच्या 'शिवभारता'त हा प्रसंग आला आहे. मुलांना तो शाळेमुळे तोंडपाठ होता. एवढी फौज अडकली कशी, हे मात्र त्यांना विचारूनही सांगता येत नव्हते, आणि खरे तर मलाही नीट सांगता आले नसते.

आधाराला भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा घेतला. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. दोनदा दुप्पट झेरॉक्स काढली की तोच नकाशा १:१२,५०० चा होतो आणि आमचे दोन सेंटिमीटरचे घर प्रत्यक्षातल्या २५० मीटरचे ठरते. घाटमाथ्यापासून खाली अंबा नदीकाठच्या चावणीपर्यंतचा मुलूख एका कागदावर मावतो. झेरॉक्स खिडकीच्या काचेला चिकटवायची, तिच्यावर ट्रेसिंग पेपर, आणि दिवसाच्या उजेडात रेषा उतरवून घ्यायच्या.

उतरवताना आधी गाळायचे असते. द्रुतगती मार्ग २००२ चा, बोरघाटातली रेल्वे १८६३ ची, लोणावळ्याच्या परिसरातले धरणांचे पाणीही अलीकडचे. हे सगळे वगळले की कागदावर उरतात कडे, ओढे, सोंडा आणि नदी. पुतण्याने लाल पेन्सिलने एकेक आधुनिक वस्तू खोडली. ती यादी त्याची त्यानेच केली होती.

मग खरे काम सुरू होते. एका घरात एकच भूप्रकार, हा अशा पटांचा नियम. डोंगर तसा नसतो. २५० मीटरच्या एका घरात थोडा कडा, थोडी झाडी आणि कोपऱ्यात सपाटी असते. उतारासाठी आम्ही समोच्च रेषा मोजल्या. मूळ नकाशात दोन रेषांमध्ये वीस मीटरची उंची असते. घरात एखादीच रेषा असेल तर सपाट, दोन ते चार असतील तर उतार, पाच किंवा जास्त म्हणजे कडा: अडीचशे मीटरांत सुमारे शंभर मीटरचा चढ. मुलगी मोजून आकडा सांगायची आणि पुतण्या घरात बारीक अक्षर लिहायचा. मोजता मोजता घाटमाथ्याच्या कडेला 'क' ची अखंड रांग उभी राहिली. सह्याद्रीची भिंत या शब्दांचा अर्थ त्या दिवशी दोघांनाही कळला, असे मला वाटते.

अडले ते वाटेपाशी. घाटवाट काही पावले रुंद. क्षेत्रफळ पाहून घर रंगवायचे म्हटले तर ती कड्याच्या आणि जंगलाच्या रंगात बुडून जाते, आणि वाट नसेल तर लढाईही नाही. म्हणून ती स्वतंत्र रेषा म्हणून काढली, घराच्या एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडणारी. वाटेवरून चालायला एका घराला चालीचा एक गुण लागतो. वाट सोडून बाजूला उतरायचे तर त्या घराच्या रंगाची पूर्ण किंमत: जंगलाला तीन, कड्यावर घोडदळाला मज्जाव. आणि वाटेवरच्या घरात एका वेळी एकच सोंगटी.

नदीवरून बराच वाद झाला. मुलीने निळा रंग काढून ठेवला होता. पण लढाई फेब्रुवारीतली. सह्याद्रीतल्या अशा नद्यांच्या वरच्या अंगाला तेव्हा धोंड्यांमधून थोडीच धार वाहते. सर्वेक्षणाच्या नकाशातही कोरडे प्रवाह काळ्या रेषेने दाखवतात, निळा पाण्यालाच. पात्र करड्या रंगाचे करून मधे निळी बारीक रेघ ओढायची असे ठरले. घोड्याला धोंड्यांतून चालायला दोन गुण. रंग ठरला त्याच क्षणी नियमही ठरला. पुढेही प्रत्येक घरापाशी तेच झाले: ब्रश टेकवण्याआधी इथून कोण जाऊ शकेल, याचे उत्तर द्यावे लागते.

रंगांविषयी थोडे. कागद आधी स्पंजने ओला करून कडेने डिंकाच्या पट्टीने बोर्डावर ताणून घ्यावा, नाहीतर पहिल्याच वॉशला तो फुगतो आणि सोंगट्या घसरतात. शाई पाण्याने न पसरणारीच हवी. साध्या स्केचपेनची रेघ ओल्या रंगात पाझरते. मोठ्या क्षेत्रांना जलरंगाचा पातळ हात: सपाटीला येलो ऑकर, उताराला त्यावर बर्न्ट सिएनाचा एक थर, कड्याला वाळल्यावर दुसरा. झाडीचा सॅप ग्रीन फार दाट लावू नये, खालचा उतार दिसला पाहिजे. अण्णांचा हात वॉशला चांगला. बोर्ड किंचित तिरका धरून ते रंगाचा ओघळ खाली आणत जातात आणि शेवटचा थेंब कोरड्या ब्रशने उचलतात. एकेक घर वेगळे करण्याचे काम मुलांनी रंगीत पेन्सिलींनी केले. झाडीला आडवे फराटे, कड्याला उभे. म्हणजे संध्याकाळच्या दिव्याखाली हिरवा-तपकिरी नीट कळला नाही तरी पोत कळतो. घरांना चार आकडी क्रमांक दिले, पहिले दोन रांगेचे, पुढचे दोन घराचे. मुलांनी ते देवनागरीत लिहिले.

तयार छापील पट याहून देखणे असतात. तरीही घरात खेळायला मी हाताने केलेलाच पट पसंत करीन. छापील पटावर नियम दुसऱ्याने ठरवलेले असतात आणि मुले ते पाळतात. इथे नियम का आहे ते त्यांना माहीत असते, कारण तो त्यांनी मोजून काढलेला असतो.

खानाची बाजू अण्णा घेतात. त्यांच्या सोंगट्या वाटेवर एकामागे एक येतात. डोके नदीपात्रात पोहोचले तरी शेपूट घाटातच असते, आणि मधल्या सोंगटीला पुढे, मागे, बाजूला कुठेच जागा नसते. मावळ्यांच्या सोंगट्यांना जंगलाचे दोनच गुण लागतात, त्यामुळे त्या वाटेच्या दोन्ही टोकांना आधी पोहोचतात. जिंकण्यासाठी सगळ्या सोंगट्या मारायच्या नाहीत. वाटेची दोन्ही टोके सलग तीन डाव बंद ठेवली की खान शरण. "अहो अण्णा, घोडे मागेच ठेवा ना!" असे पुतण्या त्यांना सांगतो. तेही ठेवून पाहतात. मग पायदळ एकटे पडते.

कुणाला असा पट करून पाहायचा असेल तर इतक्या मोठ्या कागदाने सुरुवात करू नये. वहीच्या दोन पानांएवढ्या कागदावर आपल्या गावाजवळचा एखादा गड, त्याची माची आणि चढायच्या वाटा एवढे घ्यावे. शक्य असेल तर रंगवण्याआधी त्या वाटेने मुलांना घेऊन एकदा चढून यावे. आणि भूप्रकारांची अक्षरे पेन्सिलने सगळ्या घरांत लिहून होईपर्यंत रंगाची डबी उघडू नये.