पंधरा हजारांखालचा मुलूख
पुण्याच्या कात्रज चौकातील मोबाईलच्या दुकानात भारती विद्यापीठाचा विद्यार्थी आणि मार्केट यार्डातील हमाल एकाच वेळी शिरले, तरी दोघांपुढे एकच बाजार उघडतो असे नव्हे. कारण हप्त्यांची सोय झाल्यास पहिल्याला आयफोन आणि अँड्रॉइड यांत तुलना करता येते, परंतु दहा-बारा हजारांत नवा आयफोन मिळतच नसल्यामुळे दुसऱ्याच्या वतीने त्याची ऐपतच निर्णय देऊन मोकळी होते.

हा खालचा मुलूख प्रथमपासून अँड्रॉइड या एकाच प्रणालीच्या अंमलाखाली होता असे नाही. 2014 साली फायरफॉक्स प्रणालीचा इंटेक्सचा फोन 1,999 रुपयांस मिळत असे. नोकियाच्या लुमियाने विंडोजचे थोडेफार बस्तान बसवले होते. आणि 2017 साली जिओने 1,500 रुपये अनामत घेऊन कायओएस प्रणालीचा साधा फोन बाजारात आणला. परंतु जेथे ग्राहक थोडे तेथे अ‍ॅप तयार करण्यास कोणी धजत नाही, आणि जेथे अ‍ॅप नाही तेथे ग्राहक फिरकत नाही, या दुष्टचक्रातून सुटका दुर्घट असते. 2019 सरता सरता विंडोज फोनवरील व्हॉट्सअ‍ॅप बंद झाले. 2021 साली खुद्द जिओने 6,499 रुपयांचा जिओफोन नेक्स्ट काढला, तो अँड्रॉइडच्याच पायावर.

अँड्रॉइड मुळात विनामूल्य; गूगलची प्राप्ती मुख्यतः जाहिराती आणि प्ले स्टोअर यांतून. बाजारातील अँड्रॉइडच्या वर्चस्वाच्या दुरुपयोगाबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गूगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड ठोठावला; अपिलात मार्च 2023 मध्ये दंड कायम राहिला, आयोगाचे काही आदेश मात्र रद्द झाले.

तथापि मला अधिक अस्वस्थ करते ते निराळेच. 2021 साली महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन ठिकठिकाणी परत केले. ते तापत, मध्येच बंद पडत, त्यांची स्मृतिक्षमता अपुरी पडे, आणि पोषण ट्रॅकर हे नोंदींचे सरकारी अ‍ॅप इंग्रजीत असल्याने नोंदी करणे जिकिरीचे होई. बालकांच्या वजनाची सरकारी दप्तरातील नोंद ज्यावर अवलंबून, ते साधनच सर्वांत कनिष्ठ प्रतीचे निघावे, ही गोष्ट मला गंभीर वाटते. वरच्या किमतीत प्रतिस्पर्धी समोर असल्यामुळे कंपन्यांना ग्राहकाची मनधरणी करावी लागते: 2023 मध्ये गूगलने पिक्सेल 8 ला आणि 2024 मध्ये सॅमसंगने एस 24 ला सात वर्षे अद्ययावत ठेवण्याचे वचन दिले. स्वस्त फोनांपैकी पुष्कळांना याच्या निम्मी मुदतही मिळत नाही; आणि फोन दीर्घकाळ वापरणे भाग पडते, ते त्याच ग्राहकांना.