१ मेची सुट्टी आणि तेंदूपत्त्याचा हंगाम

कापडाच्या व्यापारानिमित्त आमचे चंद्रपूर-गडचिरोली भागात जाणे-येणे असते. भर उन्हाळ्यात येणारी १ मेची सुट्टी या भागातील लहान गावी कशी जाते, याची कल्पना मोठ्या शहरातील व्यापारी बांधवांना सहसा नसते. देसाईगंज हे गाव घ्या. लोक त्याला वडसा म्हणतात. वैनगंगेच्या अलीकडे वडसा, पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला, त्यानंतर कित्येक वर्षे वडसा हेच त्यातले एकमेव रेल्वे स्थानक होते. त्यामुळे कुरखेडा, आरमोरीकडील गिऱ्हाईक येथे येते.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि कामगार दिनही हाच. सकाळी झेंडावंदन होते. मुले निकाल घेऊन घरी येतात. वेगळ्या विदर्भाची मागणी करणारे काही लोक या दिवशी निषेधही नोंदवतात. २०१९ च्या १ मेला कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक ठार झाले. त्या घटनेची आठवण या भागात अजून ताजी आहे. अकरा वाजले की लू सुटते, पारा ४५ अंशांकडे जातो आणि बाजारात चिटपाखरू दिसत नाही.

मात्र जंगलात याच दिवसांत कामाची घाई असते. तेंदूची पाने उन्हाळ्यात थोडेच दिवस तोडणीस योग्य असतात. वळीव किंवा गारपीट झाली की पान खराब होते. म्हणून बायका-पुरुष पहाटे अंधारात निघतात, ऊन चढण्याआधी परततात, घरी बसून ७० पानांचे एक पुडके बांधतात आणि ते फळीवर नेऊन देतात. हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. या पानाला कॅलेंडरची सुट्टी नाही. शिवाय जिवाची जोखीम आहे. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या ३ महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. कामगार दिनाच्या महिन्यात राबणारे हे मजूर आपले गिऱ्हाईक आहेत. आपण विकतो ते लुगडे, दुपट्टा, मच्छरदाणी त्यांच्या याच पैशातून घेतली जाते.

आता आपल्या दुकानातील नोकरांकडे पाहू. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरपगारी सुट्टी ठरवून दिली. त्या दिवशी काम घेतले तर दुप्पट वेतन आणि बदली रजाही. पण हा कायदा झाला तोच १० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. वडसा, मूल, नागभीड, चामोर्शी अशा गावी कापडाच्या बहुतेक दुकानांत दोन-तीन पोरे असतात. त्यांची सुट्टी मालकाच्या मर्जीवर. अनेक ठिकाणी आम्ही पाहतो की शटर अर्धे खाली, आत माल मोजण्याचे काम चालू आणि पोरगा थानांच्या ढिगात घामाघूम. संध्याकाळी त्याच्या हाती चहाचे पैसे ठेवले की मालकाला वाटते हिशेब चुकता झाला. आम्हाला हे पटत नाही. घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची शिकवण आपणास आहे. मग जो दिवस सुट्टीचा म्हणून बाहेर पाटीवर लिहिला, त्या दिवशी फुकट काम घेणे हलाल रोजीत कसे बसेल?

व्यापारी म्हणतील, लग्नसराईत एक दिवस बंद म्हणजे नुकसान. हिशेबाने पाहिले तर फारसे नाही. बस्ता बांधणारे कुटुंब दोन-चार दिवस आधी निरोप देऊन येते, त्याला ३० एप्रिल किंवा २ मे सांगता येते. तेंदूची मजुरी हातात येते ती हंगाम उरकताना किंवा त्यानंतर. ग्रामसभांनी लिलाव केला असेल तर वरची रक्कम आणखी पुढे. मे अखेरीस आणि जूनमध्ये हे गिऱ्हाईक रोख घेऊन येते. विदर्भातील शाळा जून अखेरीस उघडतात, तेव्हा गणवेशाची खरेदीही त्याच पैशातून होते. १ मेच्या दुपारी दुकान उघडे ठेवून पंख्याचे बिल तेवढे वाढते. ज्यांना त्या दिवशी दुकान उघडावेच लागते, लहान गावात असे असतातच, त्यांनी पोराला दुप्पट रोज द्यावा आणि तो आदल्या दिवशीच बोलून ठेवावा.

माल मोजण्याचे काम राहिलेच, तर त्यासाठी जुलै आहे. रोवणी लागली की सगळी झाडीपट्टी धानाच्या बांधीत असते. बाजारात गिऱ्हाईक नसते, ऊनही उतरलेले असते, आणि पोरे दिवसभर रिकामी बसून असतात.